टपालाने आलेल्या मधमाश्या: डबा हातात पडल्यापासून पुढचे पाच आठवडे

सकाळी सकाळी पोस्टातून फोन येतो आणि पलीकडचा माणूस जरा घाईतच बोलतो, तुमचं पार्सल आलंय, लगेच घेऊन जा. आवाजावरूनच कळतं की माश्या पोचल्या, कारण गुणगुणणारं पार्सल कुणालाच आपल्या टेबलाशेजारी फार वेळ नको असतं. माझा पहिला फोन आला तेव्हा मी अंथरुणातच होते आणि पेटीला रंगसुद्धा दिलेला नव्हता, म्हणजे सगळं वरातीमागून घोडं. ते बघून इथे नीट लिहून ठेवतेय, ज्यांनी पहिल्यांदाच माश्या मागवल्यात त्यांच्यासाठी. हे सगळं मेलिफेरा, म्हणजे पाळीव युरोपीय मधमाशी, या जातीच्या माशीबद्दल आहे, टपालाने पॅकेज येतं ते बहुतेक तिचंच.

सगळ्यात आधी डब्यात नेमकं काय असतं ते डोक्यात बसवा, कारण पुढे जे काही करायचंय ते त्यावरूनच ठरतं. बुटांच्या खोक्यापेक्षा जरा मोठा लाकडी नाहीतर प्लॅस्टिकचा डबा, दोन बाजूंना जाळी, आत साधारण तीन पौंड म्हणजे १.३ ते १.४ किलो माश्या, मोजायला बसलात तर १०,००० च्या आसपास. वरून आत सोडलेला पाकाचा पत्र्याचा डबा, त्याच्या तळाला बारीक भोकं, प्रवासभर माश्या तिथून पाक चाटतात. आणि त्या डब्याशेजारी लटकलेली काडेपेटीएवढी पिंजरी, तिच्यात राणी आणि तिच्या दिमतीला चार-सहा कामकरी. आता गंमत अशी की या १०,००० माश्या त्या राणीच्या नाहीतच. विकणारा पाच-सहा पेट्यांमधल्या माश्या नरसाळ्यातून झटकून डब्यात भरतो, वजन करतो आणि भलतीकडे वाढवलेली, नरांशी मिलन झालेली राणी वेगळ्या पिंजरीत घालून देतो. म्हणजे तुमच्या हातात वसाहत येत नाही, एका डब्यात कोंबलेली गर्दी येते, आणि त्या गर्दीला एक परकी राणी दिलेली असते. त्यांच्याकडे ना पोळं, ना मध, ना पिल्लं. या गर्दीचं घर व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आणि त्या काळात माणसाचे हात शिवशिवतात म्हणूनच निम्मी पॅकेजं बिघडतात असं माझं मत आहे.

डबा यायच्या आधी

पेटी तयार हवी, जागेवर मांडलेली हवी, तिच्यात चौकटी घातलेल्या हव्यात. तळपाट, एक शिशुकोठी, म्हणजे राणी अंडी घालते तो खालचा मजला (आठ किंवा दहा चौकटींचा), चौकटींमध्ये मेणपत्रे, म्हणजे पोळं बांधायला पाया म्हणून मेणाचे पातळ पत्रे, आतलं झाकण, वरचं झाकण, दार लहान करायची लाकडी पट्टी आणि पाक द्यायचं भांडं. एवढं पुरे. वरची मधकोठी आत्ता लावायची नाही, एवढ्या माश्यांना दोन मजली घर म्हणजे चार माणसांना मंगल कार्यालय, ऊब राखता राखताच दमतात.

पेटी जमिनीपासून फूट-दीड फूट उंच स्टँडवर ठेवा, दारावर सकाळचं ऊन येईल अशी, मागून वारा अडेल अशी, आणि दारासमोरून माणसांची ये-जा नको. मुंग्या असतील तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये उभे करा. जवळपास पाणी ठेवा, उथळ ताटात खडे टाकून, म्हणजे माशा बुडत नाहीत, आणि हे माश्या यायच्या आधीच ठेवा, कारण एकदा त्यांना शेजाऱ्यांच्या नळाची सवय लागली की मग ती मोडत नाही आणि भांडण तुमच्या वाट्याला येतं.

शेजाऱ्यांवरून आठवलं, त्यांना आधी सांगून ठेवा. आणि तुमच्याकडे पेट्या ठेवायला नोंदणी किंवा परवानगी लागते का तेही माश्या मागवायच्या आधीच बघा, नंतर नाही.

पाक आदल्या रात्री करून ठेवायचा. साखर आणि पाणी समान, एक किलो साखरेला एक लिटर पाणी, पाणी गरम करून गॅस बंद करायचा आणि मग साखर ढवळायची. साखर घालून उकळत बसू नका, साखर करपली तर ती माश्यांना बाधते. आणि साधी पांढरी साखरच. गूळ, ब्राउन शुगर, काकवी यातलं काही नाही, आपल्याला ते पौष्टिक वाटतं पण त्यातले क्षार माश्यांना पचत नाहीत, हगवण लागते. विकतचा मधसुद्धा देऊ नका, तो कुठल्या पेटीतला आहे कुणास ठाऊक, आणि फाउलब्रूड नावाच्या रोगाचे बीजाणू मधातून आरामात येतात, माणसाला काही होत नाही पण अख्खी पेटी जाळायची वेळ येते.

पोस्टात आधीच फोन करून ठेवा की अमुक आठवड्यात जिवंत माश्या येणारेत, नंबर लिहून घ्या, घरी पाठवू नका, मीच येते. उन्हात उभ्या असलेल्या डिलिव्हरीच्या गाडीत चार तास फिरलेल्या माश्या म्हणजे शिजलेल्या माश्या.

ताब्यात घेताना

पार्सल हातात घेतलं की आधी कान द्या. पंखा चालू असल्यासारखी एकसुरी घूं घूं असेल तर सगळं ठीक. फार मोठा, चिडका आवाज आणि माश्या जाळीवर सैरावैरा पळतायत, अंगं ओली दिसतायत, तर डबा तापलाय, कारण फार उकाडा झाला की पोटातला पाक ओकतात आणि त्यातच भिजतात. एकदम शांत असेल तर मात्र घाबरायचं.

मग तळ बघा. तळाशी मेलेल्या माश्यांचा थर असणारच, सेंटीमीटरभर थर असला तरी तो प्रवासाचा नेहमीचा हिशोब आहे, पहिल्यांदा बघून माझ्या पोटात गोळा आला होता पण ते ठीक असतं. यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माश्याच असतात, कामकरी माशी उन्हाळ्यात जगतेच मुळी सहा आठवडे. पण इंच-दीड इंच थर, किंवा निम्म्याहून जास्त मेलेल्या, असं असेल तर तिथेच काउंटरवर फोटो काढा, पोस्टाच्या माणसाकडून कागदावर तसं लिहून घ्या आणि विकणाऱ्याला त्याच दिवशी कळवा. घरी येऊन दुसऱ्या दिवशी फोन केलात तर तो म्हणणार तुमच्याकडे मेल्या.

डब्याच्या बाहेर चार-पाच माश्या चिकटलेल्या असतात, त्याने पोस्टात गोंधळ उडतो, डबा फुटलाय म्हणून. फुटलेला नसतो. वाटेत कुठल्या तरी माश्या राणीच्या वासाने मागे लागलेल्या असतात, फुकट प्रवासी.

गाडीत मागच्या सीटवर ठेवा, डिकीत नाही. जाळीवर काही टाकू नका, काचा जरा खाली, आणि वाटेत भाजी घ्यायला गाडी उन्हात उभी करून जायचं नाही.

घरी आलात की लगेच पेटीत टाकायची घाई नको. गार, अंधारी, हवा खेळती असलेली खोली बघा, १० ते २० डिग्रीच्या मधली जमली तर उत्तम, नाहीतर घरातली सगळ्यात थंड जागा. जाळीवर स्प्रेच्या बाटलीने पाकाचा हलका फवारा मारा, त्या चाटून घेतील, दहा-पंधरा मिनिटांनी परत एकदा. हलका म्हणजे हलका, आंघोळ नाही. भिजलेली माशी गारठते. बाहेर थंडी असेल तर फवारा मारूच नका. ब्रशने जाळीवर पाक फासायचा सल्ला पण मिळेल तुम्हाला, मला तो आवडत नाही, जाळीतून बाहेर आलेले पाय आणि सोंडा ब्रशखाली चिरडतात. पोटं भरली की माश्या निवांत होतात आणि संध्याकाळचं काम सोपं होतं.

पाऊस असेल, वादळ असेल तर एक-दोन दिवस अशाच ठेवल्या तरी चालतं, डब्यातला पाक संपला नाही ना एवढं बघायचं. पण तीन-चार दिवस खेचू नका.

पेटीत सोडणं

संध्याकाळ, सूर्य मावळायच्या तासभर आधी. का, तर अंधार होत आला की त्या उडून जायच्या भानगडीत पडत नाहीत, रात्रभर नव्या घरात बसतात, एकमेकींचा आणि राणीचा वास त्यांच्यात मुरतो आणि सकाळी उठून दारासमोर घिरट्या घालत जागा लक्षात ठेवतात. भर दुपारी सोडलेल्या माश्या शेजारच्या पेटीत नाहीतर झाडावर.

बुरखा, हातमोजे, फिकट रंगाचे कपडे. अत्तर नको आणि त्या दिवशी केळं खाऊन जाऊ नका, हसू नका, माशी डंख मारते तेव्हा जो धोक्याचा वास सोडते त्यातला मुख्य पदार्थ केळ्यासारखाच वास मारतो. स्मोकर, म्हणजे माश्यांना शांत करायचं धुराचं भांडं, पेटवून बाजूला ठेवा पण बहुधा लागत नाही, कारण या माश्यांकडे राखायला काही नसतं आणि पोटं भरलेली असतात, अशा वेळी त्या आश्चर्य वाटेल इतक्या गरीब असतात. तरी डंख बसलाच तर नखाने काटा खरवडून टाका, कसा काढला याला महत्त्व नाही, किती पटकन काढला याला आहे. श्वास लागला, चेहरा नाहीतर घसा सुजला, अंगभर पित्त उठलं तर मात्र माश्या तिथेच सोडून हॉस्पिटल गाठायचं.

आता क्रम. पेटीतल्या मधल्या चार चौकटी काढून बाजूला ठेवा. पॅकेज हातात धरून एकदा जमिनीवर धप्प करून आपटा, मनाला पटत नाही पण आपटा, म्हणजे पाकाच्या डब्याला लोंबकळलेला घोस सगळा खाली पडतो. झाकण उचकटा, पाकाचा डबा वर ओढून काढा, राणीची पिंजरी काढा, आणि भोकावर लगेच फळी ठेवा. डब्याच्या आत पिंजरी पडू देऊ नका, माझी पडली होती, मग हात घालून शोधायची.

पिंजरीवरच्या माश्या हळूच ब्रशने सारा आणि बघा राणी जिवंत आहे का, चालतेय का. लांब पोट, त्यामानाने पंख आखूड वाटतात, आणि बऱ्याचदा पाठीवर रंगाचा ठिपका असतो. तो रंग वर्षावरून ठरतो, जगभर एकच पद्धत: वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ पिवळा, ३ किंवा ८ लाल, ४ किंवा ९ हिरवा, ५ किंवा ० निळा. म्हणजे या वर्षीची राणी म्हणून मागवली आणि ठिपका गेल्या वर्षीचा निघाला तर विचारायला मोकळे. राणी मेलेली असेल तर माश्या तरीही पेटीत सोडा, पण विकणाऱ्याला त्याच संध्याकाळी फोन करा, नवी राणी चार-पाच दिवसांत हवी. या माश्या स्वतः राणी तयार करू शकत नाहीत, त्यासाठी ताजी अंडी नाहीतर कोवळी अळी लागते आणि यांच्याकडे दोन्ही नाही.

पिंजरीला दोन टोकं असतात. एका टोकाला नुसतं बूच, दुसऱ्या टोकाला बुचाच्या आत पांढरी घट्ट कँडी, म्हणजे पिठीसाखरेचा गोळा. काढायचं ते कँडीच्या बाजूचं बूच. माश्या बाहेरून आणि राणीच्या दासी आतून ती कँडी खात खात दोन-चार दिवसांत बोगदा करतात, तोपर्यंत राणीचा वास सगळ्यांच्या अंगवळणी पडतो आणि राणी आपोआप बाहेर येते. एवढी साधी युक्ती आहे पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे, पहिल्याच संध्याकाळी राणी उघडी सोडली तर परकी म्हणून तिच्याभोवती गोळा होऊन तिला मारूनही टाकतात.

मी दुसऱ्या वर्षी चुकीचं बूच काढलं. राणी टुणकन बाहेर, माझ्या हातमोज्यावर, आणि उडाली. मी जागेवरच उभी राहिले, अजिबात हलले नाही, पेटी उघडी, माश्या आत ओतलेल्या, आणि दहाएक मिनिटांनी पेटीच्या काठावर माश्यांचं एक झुंबड उठलेलं दिसलं, मध्ये ठिपका. नशीब. तेव्हापासून कुठलं टोक कुठलं ते मी उजेडात, खोलीत, खिडकीजवळ बसून आधीच बघून ठेवते, उडाली तरी काचेवर जाऊन बसेल. काही पिंजऱ्यांना कँडी नसतेच, तेव्हा पिठीसाखरेत अगदी थेंबभर पाक घालून घट्ट मळलेला गोळा बुचाच्या जागी दाबायचा. सैल झाला तर वितळून राणीच चिकटते.

पिंजरी मधल्या दोन चौकटींच्या मध्ये अडकवा, जाळी उघडी राहील अशी, माश्यांच्या सोंडा जाळीपर्यंत पोचायला हव्यात कारण राणीला त्याच भरवणार. कँडीचं टोक वरच्या अंगाला नाहीतर आडवं, खाली नको, आत एखादी दासी मेली तर ती घसरून बोगदाच बंद करते.

मग माश्या. फळी काढा, डबा पालथा करून मोकळ्या जागेत झटका, मेथीची जुडी झटकतो तशा. धबधब्यासारख्या पडतात. पहिल्यांदा छाती धडधडते, दुसऱ्या झटक्याला मजा येते. शेवटच्या शे-दोनशे निघत नाहीत, त्यांच्या मागे लागू नका, डबा दारासमोर तोंड करून ठेवून द्या, रात्रीपर्यंत जातात आत. काढलेल्या चौकटी माश्यांच्या ढिगावर अलगद टेकवा आणि त्या आपल्या वजनाने, माश्या बाजूला सरकतील तशा खाली जाऊ द्या. दाबायच्या नाहीत. थंडी असेल, किंवा झटकायची भीतीच वाटत असेल, तर चार-पाच चौकटी काढून त्या जागेत अख्खा डबाच उघडा करून ठेवता येतो, राणी शेजारच्या चौकटीत, माश्या रात्रीतून चढून जातात. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो डबा आठवणीने काढा, नाहीतर त्या डब्यातच पोळं बांधायला घेतात.

वर पाकाचं भांडं, झाकण, दार दोन बोटं राहील एवढं लहान. दारात काही माश्या शेपूट वर करून पंख फडफडताना दिसतील, लिंबासारखा वास येतो, त्या मागे राहिलेल्यांना बोलावतायत की घर इथे आहे. ते दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो आणि मी चहा करायला घरात जाते.

आणि आता उघडू नका

तीन दिवस पेटी उघडायची नाही, आत अख्खा डबा ठेवला असेल तर तो काढण्यापुरतीच. बाहेरून बघा हवं तेवढं. पाक संपला तर फक्त वरचं झाकण उचलून भरा. या दिवसांत सारखं उघडलं तर माश्या घर सोडून जातात, सगळ्याच्या सगळ्या, राणी पिंजरीत अडकलेली नसेल तर तिच्यासकट, आणि त्यांचं काही अडत नाही कारण सोडून जायला मागे काही नसतंच. अंडी-पिल्लं झाली की मात्र सहसा जात नाहीत. ज्यांना फार धाकधूक असते ते तळपाट आणि कोठीच्या मध्ये चार-पाच दिवस राणीरोधक जाळी घालतात, राणी त्यातून जात नाही, आणि राणी नाही तर बाकीच्या परत येतात. चालतं, पण काढायला विसरू नका, नर अडकतात.

चौथ्या दिवशी, ऊन बघून, फक्त पिंजरी बघायची. रिकामी असेल तर पिंजरी काढा, आणि हे महत्त्वाचं, तिच्यासाठी सोडलेली फट चौकटी सरकवून बंद करा. माश्या सहा ते नऊ मिलिमीटर एवढीच जागा रस्ता म्हणून मोकळी सोडतात, लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन पाद्र्याने १८५१ मध्ये हीच गोष्ट धरून हलत्या चौकटींची पेटी बनवली, त्याहून जास्त फट दिसली की त्यात वेडंवाकडं पोळं बांधतात. तिथे आधीच पांढरं पोळं लोंबत असेल तर तोडायच्या आधी दोन्ही बाजूंनी बघा, नवी राणी नेमकी तिथेच अंडी घालत बसलेली असते.

राणी अजून आत असेल तर पिंजरीवरच्या माश्या बोटाने सारून बघा. सहज सरकल्या, सोंडा आत घालून भरवतायत, तर त्यांनी तिला मानलंय, दुसरं बूच काढून पिंजरी चौकटींवर धरा, चालत आत जाईल. पण जाळीला चावा घेऊन घट्ट चिकटल्या असतील, सारल्या तरी हलत नसतील, तर अजून राग आहे, बूच लावूनच ठेवा आणि तीन दिवसांनी या. तरीही राग गेला नाही तर शंका अशी घ्यायची की झटकताना गर्दीत दुसरी एखादी मोकळी राणी आलेली आहे. होतं तसं कधी कधी, मग चौकटींवर अंडी दिसतात का ते बघायचं, दिसली तर त्यांची निवड झालेली आहे.

सात ते दहा दिवसांनी अंडी शोधा. राणी दिसलीच पाहिजे असं नाही. सूर्य पाठीमागे, चौकट तिरकी, पोळ्यातल्या एकेका षट्कोनी घराच्या तळाशी तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पांढरी काडी उभी, एका घरात एक. एकदा नजर बसली की बसली, तोपर्यंत चष्मा पुसत राहायचं. एका घरात दोन-दोन अंडी पण तळाशी मधोमध असतील तर नवी राणी उत्साहात आहे, आठवड्याभरात सुधारते. तीन-चार अंडी, भिंतींना चिकटलेली, तर ती कामकऱ्यांनी घातलेली आहेत, म्हणजे राणी नाहीच, आणि त्यातून नुसते नर निघणार. दहाव्या-बाराव्या दिवशी काहीच अंडी नसतील तर नवी राणी मागवायला फोन उचला, अजून एक आठवडा बघू म्हणत बसलं की वेळ जातो.

मधले वाईट आठवडे

हे कुणी सांगत नाही आणि मग लोक घाबरतात. पेटीतल्या माश्या रोज कमीच होत जातात. साधा हिशोब आहे, अंड्यापासून कामकरी माशी निघायला २१ दिवस लागतात (राणीला १६, नराला २४), राणी सुटायला तीन-चार दिवस, अंडी सुरू व्हायला अजून दोन-तीन, म्हणजे पहिली नवी माशी चौथ्या आठवड्यात. तोपर्यंत आलेल्या १०,००० मधल्या म्हाताऱ्या रोज मरतायत आणि भरती शून्य. चौथा आठवडा लागेपर्यंत निम्म्या उरल्या तरी ते बरोबर चाललंय. पहिल्या वर्षी मी याच काळात घाबरून रोज पेटी उघडायचे, आजारी पडल्या की काय म्हणून, आणि एका चौकटीखाली राणी चिरडली. ती पेटी गेली.

या दिवसांत काम एकच, पाक थांबू द्यायचा नाही. मेण माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून येतं आणि किलोभर मेणाला कित्येक किलो मध लागतो, पोळं नसेल तर अंडी घालायला जागा नाही, आणि साठा नसेल तर पोळं नाही. म्हणून दोन-तीन दिवसांनी बघायचं, भरायचं. पाकाला आंबूस वास आला, बुरशी दिसली तर फेकून द्या, भांडं धुवा. पाक पेटीच्या बाहेर सांडू नका आणि दार लहानच ठेवा, आसपास दुसऱ्या पेट्या असतील तर लुटारू माश्या येतात, आणि या निम्म्या उरलेल्यांना दार राखता येत नाही. दारात कुस्ती चाललेली दिसली तर दार अजून लहान करा, एका माशीपुरतं.

वरोआ नावाच्या गोचिडासारख्या किडीबद्दल थोडक्यात. ती बंद कोषांच्या, म्हणजे आत पिल्लू असलेल्या आणि मेणाने झाकलेल्या घरांच्या, आत वाढते. पॅकेजला सुरुवातीला बंद कोष नसतातच, त्यामुळे जी काही वरोआ आली असेल ती उघड्यावर, माश्यांच्या अंगावर. ऑक्झॅलिक ॲसिड बंद कोषांत पोचत नाही पण उघड्या वरोआला मारतं, म्हणजे राणी अंडी घालायला लागल्यापासून आठ-नऊ दिवस, कोष बंद व्हायच्या आत, अशी संधी सारखी येत नाही. तुमच्याकडे ते वापरायची परवानगी असेल, लेबलवरची मात्रा तंतोतंत पाळणार असाल तरच, आणि माश्या घरात नीट बसल्यावर. नंतर पेटी भरली की दर महिन्याला अर्धा कप म्हणजे ३०० च्या आसपास माश्या घेऊन पिठीसाखरेत घोळवून गळलेल्या वरोआ मोजायच्या, राणी त्यात नाही ना हे तीनदा बघून. शंभर माश्यांमागे दोन-तीन निघाल्या तर उपाय करायची वेळ झाली.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात एखाद्या दुपारी दारासमोर अचानक पन्नास-साठ माश्या पेटीकडे तोंड करून वर-खाली तरंगताना दिसतील. घाबरू नका, पळून चाललेल्या नाहीत. अंगावर लव असलेल्या, फिकट, ताज्या माश्या आहेत, पहिल्यांदा बाहेर येऊन घराचा पत्ता पाठ करतायत. या त्या राणीच्या स्वतःच्या पोरी, डब्यातून आलेल्या नव्हेत. इथून पुढे संख्या भराभर चढते. दहापैकी सात-आठ चौकटींवर पोळं बांधून झालं, त्यावर माश्या गच्च दिसल्या की दुसरी कोठी चढवा, दार थोडं मोठं करा, आणि बाहेर फुलं असतील, पाक पिणं त्यांनी आपणहून कमी केलं असेल तर भांडं काढून घ्या. मधासाठीची कोठी लावायच्या आधी तर काढाच, नाहीतर बाटलीत तुम्ही स्वतःचीच साखर भराल.

रिकामा लाकडी डबा टाकू नका, त्याच्या जाळ्या चांगल्या असतात. माझ्याकडे दोन आहेत, एकात आता मिरच्यांची रोपं आहेत आणि दुसरा झाडावर बसलेला माश्यांचा घोस कुणी बोलावलं की धरायला नेते.